खोडदच्या कुशीत आपले स्वागत



नारायणगावकरांच्या आणि स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. द्राक्षे, टोमॅटो आणि तमाशा ही आमच्या गावाची ओळख. तिच्यात भर घातली ती रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी. त्यांच्या पुढाकाराने शेजारच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. विज्ञान दिनाला आमच्या शाळांच्या सहली तिथेच जातात.

आपल्या परिषदेचा विषय आहे ताऱ्यांच्या जन्माचा इतिहास. विश्वाचे वय १३.८ अब्ज वर्षे. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी तारे घडण्याचा वेग कळसाला पोचला आणि मग उतरणीला लागला. आज तो त्या काळाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आला आहे. आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी एक-दोन सूर्य घडतील एवढाच ऐवज ताऱ्यांत रूपांतरित होतो.

वेग का मंदावला, याचा एक महत्त्वाचा धागा आमच्याच तालुक्यात सापडला. तारे घडतात वायूतून, आणि हायड्रोजन वायूची खूण म्हणजे २१ सेंटिमीटरची रेडिओ लहर. आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली ही लहर इथवर येताना ताणून दुप्पट होते आणि अतिशय क्षीण असते. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जीएमआरटीने टिपलेल्या ७,६५३ दीर्घिकांच्या लहरी एकत्र करून सरासरी काढली. २०२० मध्ये 'नेचर'ने ते संशोधन छापले. त्या दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता; पण तारे घडण्याचा सपाटा असा, की तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपावा. बाहेरून नवा वायू तेवढ्या प्रमाणात आला नाही, म्हणून वेग उतरला. आम्हा शेतकऱ्यांना हे लगेच पटते : मोटार जोरात आणि पाझर कमी, तर विहीर किती दिवस पुरणार?

विद्यार्थ्यांनो, पाहुण्यांना बिनधास्त प्रश्न विचारा. पाहुण्यांनो, त्यांना सवड द्या, आणि शक्य तिथे मराठीत उत्तर द्या.

आणखी एक विनंती. मोबाइलच्या लहरींपुढे या दूरच्या लहरींचा टिकाव लागत नाही. उद्या खोडदला जाताना आपण सर्वांनी फोन पूर्ण बंद ठेवावेत. आम्हा गावकऱ्यांनी तर हे पथ्य रोजच पाळले पाहिजे. दुर्बीण आपल्या शिवारात आहे, तेव्हा तिची शांतता राखणे हे आपलेच काम आहे.