सौर बंबाचें पाणी कोमट कां येतें?



गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आले कीं आमच्या सोलापुरासारख्या उष्ण शहरांतही पहाटेच्या स्नानाला ऊन पाणी हवेंसें वाटूं लागतें. पूर्वीं ही सोय तांब्याचा बंब करीत असे. आतां भवानी पेठेंतील गच्च्यांवरही सौर बंब, म्हणजे घरोघरीं ज्याला नुसतें ‘सोलर’ म्हणतात तो, दृष्टीस पडतो. या बंबाविषयीं एक तक्रार वारंवार कानीं येते. टाकी गळत होती म्हणून दुरुस्त करून घेतली, मजुरी दिली, कारागीर गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी मात्र कोमट. ऊन तेंच, पॅनल तेंच. मग उष्णता गेली कोठें?

पुष्कळ घरीं यावर दोनच उपाय सुचतात. एक तर यंत्र निकामी झालें असें समजून नवें घेण्याचा विचार सुरू होतो. नाहीं तर टाकींतील विजेची कॉइल रोज लावली जाते. १०० लिटर पाणी ३० अंशांनीं तापवावयास सुमारें ३.५ युनिट वीज लागते; म्हणजे महिन्याला १०० युनिटांहून अधिक वीज, आणि तीही डोक्यावर ऊन तळपत असतां! म्हणून आज मला एवढेंच सांगावयाचें आहे, कीं दुरुस्तीनंतर पाणी कोमट येऊं लागलें, तर बहुधा उष्णता कमी पडलेली नसते. पाण्याची वाट बिघडलेली असते.

ही वाट कोणती, हें प्रथम पाहूं. जुन्या बंबांत विस्तव मधल्या नळींत आणि पाणी तिच्या सभोंवतीं. पाण्याला कोठें जावें लागत नसे. सौर बंबांत पाणी तापतें पॅनलांत आणि सांठतें टाकींत. अशी निराळी टाकी असलेला बंब अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत विल्यम बेली यांनीं १९०९ सालीं बाजारांत आणला. टाकीच्या तळचें थंड पाणी जड असल्यामुळें पॅनलाच्या खालच्या बाजूस उतरतें, तेथें तापून हलकें होतें, आणि वरच्या नळीनें टाकींत परत चढतें. या प्रवासास पंप लागत नाहीं. परंतु त्यामागील जोर फार अल्प असतो. ३० अंशांवरील एक लिटर पाणी आणि ६० अंशांवरील एक लिटर पाणी यांच्या वजनांत सुमारें १२ ग्रॅमचाच फरक आहे. एवढ्याशा फरकावर सारें चक्र चालतें. तेव्हां वाटेंत हवेचा एक फुगा अडकला तरी तें थांबतें.

दुरुस्तीच्या वेळीं टाकी रिकामी करावी लागते, आणि पाण्याच्या जागीं हवा शिरते. पुन्हां पाणी भरतांना ती सगळी बाहेर पडली नाहीं, किंवा नव्या नळीला मध्येंच उंचवटा राहिला, तर हवा तेथें ठाण मांडून बसते. विलायतेंत, जेथें आपल्याकडील कित्येक कुटुंबें आज राहतात, तेथें घरें उबदार ठेवण्यासाठीं भिंतीलगत गरम पाण्याचे लोखंडी पत्रे असतात. बॉयलरच्या दुरुस्तीनंतर असा पत्रा खालीं गरम आणि वर थंड लागला, कीं तेथील माणूस पत्र्याच्या टोकाचा बारीक स्क्रू किल्लीनें सैल करतो. हवा फुसकन् निघून जाते, पाण्याचा थेंब दिसतांच स्क्रू आवळतो, आणि पत्रा तापूं लागतो. देश निराळा, नियम एकच.

आतां परीक्षा कशी करावी तें सांगतों. निरभ्र दिवशीं, सकाळपासून ऊन पाणी न काढतां, दुपारीं दोन वाजतां गच्चीवर जावें. पॅनलाच्या वरच्या टोंकाची नळी जपून चाचपावी, कारण ती भाजूं शकते. नळी कढत आणि टाकींतील पाणी कोमट, असें आढळल्यास चक्र थांबलें आहे असें समजावें. मग तीन गोष्टी पाहाव्या. मधला एखादा व्हॉल्व्ह बंद राहिला आहे काय? पॅनलाकडून टाकीकडे जाणारी नळी सतत चढती आहे काय? आणि टाकी पूर्ण भरते काय? ज्या घरीं नळाला रोज पाणी येत नाहीं व गच्चीवरील थंड पाण्याची टाकी मधून मधून रिती होते, तेथें ऊन पाण्याच्या नळीचें तोंड पाण्याबाहेर उघडें पडतें आणि चक्र तुटतें. यावर उपाय सोपा आहे. सूर्योदयापूर्वीं पाणी खालून सावकाश भरावें, आणि ऊन पाण्याचा नळ फुरफुरणें थांबून सलग धार लागेपर्यंत उघडा ठेवावा.

वर टाकींत पाणी कढत, पण न्हाणीघरांत कोमट, असें असेल तर दोष वाटेच्या दुसऱ्या टोंकाला आहे. थंड व ऊन पाणी एकत्र करणाऱ्या मिक्सर नळांतून थंड पाणी ऊन पाण्याच्या नळींत शिरतें. सौर टाकीस पाणी पुरविणारा व्हॉल्व्ह बंद करून ऊन पाण्याचा नळ सोडावा. थोड्या वेळानें धार थांबली पाहिजे. ती चालूच राहिली, तर थंड पाणी दुसरीकडून येत आहे हें निश्चित. तेथें एकाच दिशेनें पाणी जाऊं देणारी झडप बसवावी.

पॅनलच तापत नसेल, तर मात्र उन्हाकडे पाहावें. कांचेवर धूळ आहे काय, शेजारच्या नव्या मजल्याची सावली पडते काय, दुरुस्तींत पॅनलाचें दक्षिणेकडील तोंड फिरलें काय? सोलापूर सुमारें १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर असल्यामुळें डिसेंबर महिन्याच्या अखेरीस भर दुपारींही सूर्य दक्षिण क्षितिजापासून ४९ अंशांवरच असतो. सपाट ठेवलेल्या पॅनलास तो तिरपा भेटतो. पाणी महिनोन्‌महिने थोडें थोडें थंड होत गेलें असेल, तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत सांचला आहे असें समजावें. तो सौम्य आम्लानें जाणत्या कारागिराकडूनच काढवावा. कांचनळ्यांच्या बंबांत मधल्या नळ्या नसल्यानें हवा क्वचितच अडते, परंतु गाळ नळ्यांच्या तळाशीं बसतो.

दोन इशारे अवश्य ध्यानांत ठेवावे. उन्हांत तापलेल्या रिकाम्या बंबांत थंड पाणी सोडूं नये, कांचनळ्या तडकतात. आणि टाकीवरील हवेची उभी नळी कधींही बुजवूं नये. तिच्यांतून पाणी ठिबकतें म्हणून कोणी बूच मारतात. पण ती बंद झाली कीं वाफेच्या दाबानें टाकी फुटूं शकते, किंवा पाणी उपसतांना आंतल्या पोकळीमुळें चेपूं शकते.

सारांश, बंब जोडून झाला म्हणजे दुरुस्ती संपली असें मानूं नये. दुसऱ्या दिवशीं दुपारीं दोन वाजतां नळी आणि टाकी दोन्ही तापल्या, म्हणजेच ती संपली. हा करार कारागिराशीं काम सुरू होण्यापूर्वींच करावा, आणि नुसतें ‘पाणी तापत नाहीं’ असें न म्हणतां, कोठें तापतें व कोठें तापत नाहीं हें त्यास सांगावें. त्यानें त्याचे श्रम वांचतील, आपला पैसा वांचेल, आणि घरांतील वृद्ध माणसांना पहाटे ऊन पाणी मिळेल.