लष्करी ट्रकाला हवेची बैठक

सैन्यानें निकालांत काढलेला ट्रक लिलावांत विकत घेणाऱ्या गृहस्थास एका किमतींत दोन वस्तू मिळतात. पहिली डोळ्यांस दिसते : जाड पोलादी सांगाडा, उंच चाकें आणि कसल्याही रस्त्यास न जुमानणारी चाल. दुसरी डोळ्यांस दिसत नाहीं. ती पहिल्या चार-पांच मैलांतच पाठीच्या कण्यास कळते. ती म्हणजे त्या वाहनाची कठोर बैठक. अमेरिकेंत असे ट्रक घेऊन त्यांवर लहानसें घरकुल उभारण्याचा आणि बायकामुलांसह दूरदूर फिरण्याचा छंद पुष्कळांस आहे. त्यांतील कांहीं जण ट्रकाचे पोलादी पाटे काढून त्या जागीं दाबलेल्या हवेचे रबरी फुगे बसवितात. हा फेरफार ऐकावयास जितका सोपा, तितका करावयास नाहीं. पाटा जीं अनेक कामें मुकाट्यानें करीत असतो, तीं सर्व दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावीं लागतात. आणि एखादें काम सोपवावयाचें राहिलें, तर तें भर वेगांत, रस्त्यावरच लक्षांत येतें.

उदाहरणासाठीं अमेरिकन सैन्याचा एम-३५ हा ट्रक घ्यावा. मिशिगन संस्थानांतील लॅन्सिंग येथील रिओ कंपनीनें १९५० च्या सुमारास या घराण्यांतील पहिले ट्रक तयार केले. त्यास तीन आंस असून तिन्ही आंसांना इंजिनाची शक्ति पोंचते. लोक त्यास 'अडीच टनी' म्हणत. कारण आडरानांत तो अडीच अमेरिकन टन, म्हणजे सुमारें २,२७० किलो ओझें वाहील, असा त्याचा हिशेब होता. पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट ओझें चालत असे. रिकाम्या ट्रकाचें वजनच सुमारें ५,९०० किलो. व्हिएतनामच्या युद्धांत या ट्रकांनीं अपार माल वाहिला. पुढें १९९० नंतरच्या दशकांत टेक्सासमध्यें बनलेले नवे ट्रक सैन्यांत दाखल होऊं लागले, तसतसे जुने ट्रक लिलावाच्या मैदानांत येऊन उभे राहिले.

या ट्रकाची रचना करणाऱ्या अभियंत्यापुढें प्रश्न आरामाचा नव्हता. दारूगोळ्याच्या पेट्यांनीं भरलेला ट्रक चिखलांत, खड्ड्यांत अथवा नदीच्या पात्रांत मोडून पडतां कामा नये, हा प्रश्न होता. त्यानें पाटे निवडले ते ट्रकाच्या सर्वांत कठीण दिवसासाठीं. नव्या मालकाच्या आयुष्यांत तो दिवस बहुधा येतच नाहीं. त्याच्या ट्रकावर ओझें थोडें असतें, आणि थोड्या ओझ्याखालीं तेच पाटे फळीसारखे ताठ राहतात.

याचें कारण एका साध्या नियमांत आहे. स्प्रिंग वजनाखालीं जितकी अधिक बसते, तितके तिचे हेलकावे सावकाश होतात. समजा, पूर्ण ओझ्याखालीं एखादी स्प्रिंग ७५ मिलिमीटर बसते. अशा वेळीं वाहन सेकंदास सुमारें १.८ हेलकावे घेईल. ओझें उतरून भार एकतृतीयांश उरला, तर तीच स्प्रिंग २५ मिलिमीटर बसेल, आणि हेलकाव्यांची संख्या सेकंदास ३ च्या वर जाईल. बसलेल्या माणसाचें शरीर सेकंदास ४ ते ८ या टापूंतील उभ्या कंपनांनीं सर्वांत अधिक शिणतें. म्हणजे रिकामा ट्रक आपल्या स्वाऱ्यांना त्या टापूच्या उंबरठ्यावर नेऊन सोडतो. त्यांत पाट्यांच्या परस्पर घर्षणाची भर पडते. लहान धक्का हें घर्षण मोडूं शकत नाहीं. पाटा वांकतच नाहीं, आणि धक्का जसाच्या तसा सांगाड्यांत शिरतो.

हवेची गोष्ट निराळी आहे. फायरस्टोन कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत हवेच्या स्प्रिंगांचे प्रयोग केले. १९५४ सालीं अमेरिकेंतील ग्रेहाउंड कंपनीच्या 'सीनिक्रूझर' बसगाड्या हवेवर धावूं लागल्या, आणि १९५७ सालीं कॅडिलॅक कंपनीनें 'एल्डोराडो ब्रूम' या अत्यंत महागड्या मोटारीस हीच बैठक दिली. महाराष्ट्रांतील श्रोत्यांस ती अगदींच अपरिचित नाहीं. मुंबई-पुणें मार्गावरील 'शिवनेरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्होल्वो बसगाड्यांतून ज्यांनीं प्रवास केला, त्यांनीं ती अनुभवली आहे. बस भरलेली असो वा अर्धी रिकामी असो, तिच्या डुलण्यांत फारसा फरक पडत नाहीं.

हा फरक कां पडत नाहीं, तें पाहण्याजोगें आहे. सुमारें २५ सेंटिमीटर व्यासाच्या फुग्यांत दर चौरस सेंटिमीटरास ४ किलो दाब ठेवला, तर तो जवळजवळ २,००० किलो भार उचलतो. भार अर्धा झाला, कीं दाबही अर्धा करावयाचा. हें काम एक झडप आपण होऊन करते. ती सांगाड्यावर बसविलेली असते आणि तिची दांडी आंसास जोडलेली असते. सांगाडा खालीं बसला, कीं दांडी वर ढकलली जाऊन फुग्यांत हवा शिरते. सांगाडा वर उचलला गेला, कीं हवा बाहेर पडते. उंची तीच राहते, फुग्यांतील जागा तीच राहते, बदलतो तो दाब. दाब उतरला म्हणजे हवेचा ताठरपणाही जवळजवळ त्याच प्रमाणांत उतरतो. भार आणि ताठरपणा बरोबरीनें घटल्यामुळें हेलकाव्यांची संख्या जवळजवळ कायम, सेकंदास सव्वा ते दीड, राहते. पोलाद एकदां घडविलें म्हणजे त्याचा स्वभाव ठरून गेला. हवेचा स्वभाव मात्र ओझें पाहून बदलतां येतो.

येथपर्यंत सारें हवेच्या बाजूनें झालें. आतां पाटा काढल्यावर काय काय नाहींसें होतें, त्याचा हिशेब मांडला पाहिजे. पुढील आंसाचा पाटा केवळ वजन उचलीत नाहीं. तो आंसास पुढेंमागें सरकूं देत नाहीं, डावीउजवीकडे हलूं देत नाहीं, आणि ब्रेक दाबतांच स्वतःभोंवतीं पिळूंही देत नाहीं. रबरी फुगा यांतील फक्त पहिलें काम जाणतो. बाकीच्या तीन कामांसाठीं लांबीच्या दिशेनें मजबूत दांडे आणि आडवा एक दांडा बसवावा लागतो. या दांड्यांचीं टोकें कोठें असावींत, हेंही मनास येईल तसें ठरवून चालत नाहीं. आंस वर-खालीं होतांना तो ज्या वर्तुळखंडांत फिरतो, तो सुकाणूच्या दांड्याच्या फिरण्याशीं जुळला नाहीं, तर चालकानें हात न हलवितांही प्रत्येक खड्ड्यागणिक चाकें थोडीथोडी वळूं लागतात.

मागील दोन आंसांची व्यवस्था एम-३५ मध्यें मोठी चतुर आहे. प्रत्येक बाजूस दोन्ही आंसांवर मिळून पाट्यांचा एकच जाड जुडगा असतो, आणि तो मध्यभागीं तराजूच्या दांडीप्रमाणें डुलतो. एक चाक धोंड्यावर चढलें, कीं दांडीचें तें टोक वर जातें आणि दुसरें चाक जमिनीवर दाबलें जातें. आंसांस पुढेंमागें धरणारे दांडे येथें मूळचेच आहेत. परंतु बाजूस जाण्यापासून रोखण्याचें काम पाट्याचीं टोकें ज्या खोबणींत सरकतात, त्या खोबणीच करतात. पाटे काढले म्हणजे तराजू गेला आणि खोबणींचें कामही गेलें. खोबणींच्या ऐवजीं आडवे दांडे येतात. तराजूच्या ऐवजीं एकाच बाजूच्या दोन्ही फुग्यांना नळीनें जोडतात, म्हणजे दोहोंत दाब सारखा राहून भार सारखा वांटला जातो. तरीही दांडी तत्क्षणीं डुलते, आणि नळींतून हवा वाहण्यास वेळ लागतो. म्हणून खडकाळ वाटेवर जुना तराजूच सरस ठरतो, हें मालकानें आधीं समजून घ्यावें.

पुढचा प्रश्न झडपा किती, हा. ट्रकास चार कोपरे, म्हणून चार झडपा बसवाव्या, असें प्रथम कोणासही वाटेल. परंतु चार पायांचा चौरंग ओबडधोबड जमिनीवर डुगडुगतो आणि तिवई मात्र स्थिर बसते, हा घरोघरचा अनुभव येथेंही लागू पडतो. चार झडपा असल्या, तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतील फुगे सारा भार उचलतात आणि उरलेले दोन सैल पडतात. यासाठीं तीनच झडपा लावतात : मागें डाव्या-उजव्या बाजूस एकेक, आणि पुढील संपूर्ण आंसास मिळून एक. पुढील दोन फुगे परस्परांस जोडलेले असल्यामुळें वळणावर वाहन कलतांना ते फारसा विरोध करीत नाहींत. ट्रकाच्या पाठीवर उंच घरकुल असेल, तर हा कल भयप्रद होतो. त्यास आवर घालण्यासाठीं आंसांवर पिळाच्या आडव्या दांड्या बसविणें अगत्याचें आहे. तसेंच, पाट्यांच्या घर्षणाचा एक उपकार असा होता, कीं तें हेलकावे लवकर शमवीत असे. हवेजवळ तो गुण नाहीं. म्हणून चांगले शॉक अॅब्सॉर्बर बसविल्यावांचून फुग्यांवर चालविलेला ट्रक लाटांवरच्या होडीसारखा डोलत राहतो.

या सर्वांहून गंभीर गोष्ट ब्रेकची. एम-३५ चा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि त्यास दाबलेल्या हवेचा जोर मिळतो. ती हवा इंजिनाच्या पंपानें टाकींत भरलेली असते. नवे फुगे त्याच टाकींतून सरळ नळी काढून भरले, तर एका फुटक्या फुग्यावाटे ब्रेकची हवाही निघून जाईल. तेलाचा ब्रेक उरेल खरा. पण सहा-सात टनांचें वाहन केवळ पायाच्या जोरानें उतारावर थोपविणें किती कठीण, हें सांगावयास नको. अमेरिकेंतील व्यापारी वाहनांच्या नियमांत याचसाठीं असें घातलें आहे, कीं ब्रेकच्या यंत्रणेंत चौरस इंचास निदान ५५ पौंड दाब असल्याशिवाय बैठकीच्या यंत्रणेंत हवा जातां कामा नये. मधें एक रक्षक झडप बसविली, कीं हें साधतें. दाब उतरतांच ती मिटते आणि उरलेली हवा ब्रेकसाठीं राखली जाते. फुगे बसविण्याचा खर्च कमी करावयाचा झाला, तर तो दुसरीकडे कोठेंही करावा, या झडपेवर करूं नये.

दुसरें पथ्य सांगाड्याचें आहे. त्याच्या दोन लांब तुळयांस एक उभा पडदा आणि वर-खालीं दोन पट्ट्या असतात. ओझ्याखालीं तुळई वांकते, तेव्हां सर्वांत अधिक ताण या पट्ट्यांवरच पडतो. तेथें भोंक पाडणें किंवा वेल्डिंग करणें म्हणजे पुढील भेगेचा मुहूर्त काढून ठेवणें होय. नवे आधार उभ्या पडद्यासच बोल्टांनीं कसावे. फुगा फुटलाच, तर सांगाड्यास टेकावयास आंत भक्कम रबरी ठोकळा असावा, आणि त्यावर टेकलेल्या स्थितींतही चाक कोठें घासूं नये, हें कामाच्या पहिल्याच दिवशीं मोजून पाहावें.

इतकें सारें करूनही हा फेरफार प्रत्येकानें करावा असें नाहीं. एल्डोराडो ब्रूमच्या अनेक धन्यांनीं हवेच्या गळतीस कंटाळून कालांतरानें आपल्या मोटारींस पोलादी स्प्रिंगाच बसवून घेतल्या. ज्याचा ट्रक बहुतांशीं आडरानांतच फिरणार, त्यानें जाणत्याच्या सल्ल्यानें कांहीं पाटे कमी करावेत, ओझें पाहून टायरांतील हवा योग्य तितकी ठेवावी, आणि चालकाचें आसन चांगलें घ्यावें. तेवढ्यानें पुष्कळ सोसणें वांचतें. ज्याच्या ट्रकांत मुलेंबाळें निजणार आहेत, ज्याचें ओझें कधीं कमी तर कधीं जास्त होणार आहे आणि ज्याचे शेंकडों मैल पक्क्या सडकेवर जाणार आहेत, त्यास हवेची बैठक खरोखर सुखाची ठरते.

मात्र हें सुख एकदां पैसे मोजून संपत नाहीं. त्याची रोज चौकशी करावी लागते. पोलादी पाटा वर्षानुवर्षें दुर्लक्ष सोसतो, रबराचा फुगा सोसत नाहीं. अमेरिकेंतील त्याच नियमांप्रमाणें पांच मिनिटांत चौरस इंचास ३ पौंडांहून अधिक दाब उतरतां कामा नये. घरच्या मालकास तर याहूनही सोपी कसोटी करतां येते. रात्रीं ट्रक उभा करतांना चारही कोपऱ्यांची जमिनीपासून उंची मोजून ठेवावी आणि सकाळीं पुन्हां मोजावी. एखादा कोपरा खचलेला आढळला, तर साबणाचें पाणी घेऊन त्या बाजूच्या सांध्यांवर फिरवावें. जेथें बुडबुडा फुगेल, तेथें पाना लावावा, आणि मगच मुलांना गाडींत बसण्यास सांगावें.