जुन्या वस्तूंचा बाजार : निवड कोणाची, गरज कोणाची?

(अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



2006 मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरातील काही मित्रांनी वर्षभर एकही नवी वस्तू विकत न घेण्याचा संकल्प केला. अन्न, औषधे, अंतर्वस्त्रे आणि आरोग्य व सुरक्षिततेसाठी लागणाऱ्या वस्तू तेवढ्या अपवाद होत्या. बाकी सर्व काही वापरलेले घ्यायचे, मागून आणायचे किंवा त्यावाचून चालवायचे, असा तो निर्धार होता. 'कॉम्पॅक्ट' या नावाने तो पुढे बराच गाजला. भारतातील महानगरांतही असा निर्धार करणारे तरुण आज आढळतात. त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हेतूपाशी थांबता येत नाही. या निर्धारामुळे बाजारात कोणाला काय मिळते आणि कोणाच्या हातून काय जाते, हे पाहणे त्याचे काम आहे.

ज्याला तेथे संकल्प म्हटले गेले, ती भारतातील कोट्यवधी कुटुंबांची नेहमीची व्यवस्था आहे. अहमदाबादला साबरमतीकाठी रविवारी भरणारा गुजरी बाजार, पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांची दुकाने ही ठिकाणे हौशी संग्राहकांमुळे प्रसिद्धीस आली असली, तरी ती टिकली आहेत ती नवी वस्तू न परवडणाऱ्या ग्राहकांमुळे. नव्या शहरात आलेला कामगार पंखा, सायकल, लोखंडी खाट जुनीच घेतो. त्याच्यापुढे तत्त्वाचा प्रश्न नसतो, हिशेबाचा असतो.

या व्यवस्थेतील सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे बोहारीण. जुन्या साड्या, शर्ट-पँटी घेऊन त्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा प्लॅस्टिकची बादली देणारी ही स्त्री मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. दिल्लीत हाच व्यवसाय प्रामुख्याने मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजाच्या स्त्रिया करतात. दारोदार गोळा केलेले कपडे त्या रघुबीर नगरच्या घोडा मंडीत विक्रीस आणतात. तेथील उलाढाल दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होते. नीट असलेला कपडा धुऊन, टाके घालून, इस्त्री करून पुन्हा अंगावर घालण्यासाठी विकला जातो. त्याहून जीर्ण झालेला यंत्रे पुसण्याच्या चिंध्यांत जातो. देशात येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांचे टोक पानिपतला आहे. तेथे परदेशांतून आलेले, पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून कापून टाकलेले लोकरी कपडे पिंजून त्यांचे सूत काढतात आणि त्या सुताची स्वस्त घोंगडी विणतात. आपत्तीनंतर मदत म्हणून वाटली जाणारी घोंगडी पुष्कळदा याच जातीची असतात. कपड्याची प्रत पारखणे, त्याचे वर्गीकरण करणे, त्याला योग्य गिऱ्हाईक मिळवून देणे हे कौशल्याचे काम आहे. मात्र ते कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत शिकवले जात नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्याला नवे परवडते, त्याने निश्चयपूर्वक जुने घेण्यास सुरुवात केली तर काय होईल? जुन्या वस्तूंचा पुरवठा कारखान्यातून वाढवता येत नाही. तो घराघरांतून बाहेर पडणाऱ्या वस्तूंवर अवलंबून असतो. पुरवठा तेवढाच राहून मागणी वाढली, तर भाव चढतात आणि चढलेल्या भावाची झळ प्रथम कामगाराला बसते. जी सायकल त्याला परवडत होती, ती पर्यावरणाची चिंता वाहणाऱ्या सुस्थित ग्राहकाच्या घरी जाते. हा आक्षेप वरवर कठोर वाटतो, पण तो टाळता येण्यासारखा नाही. अर्थात तो सर्व वस्तूंना सारखाच लागू नाही. पुस्तके, लाकडी सामान, लहान मुलांच्या गाड्या, शिवणयंत्रे अशा वस्तू सुस्थित घरांत वर्षानुवर्षे पडून असतात. भाव बरा मिळू लागला तर त्या बाहेर पडतील आणि पुरवठाही वाढेल. म्हणून अशा संकल्पाचे मोल ठरवताना केवळ काय विकत घेतले हे न पाहता कपाटांतून आणि माळ्यावरून काय बाहेर आले, हेही पाहावे लागते. संकल्पाची ही दुसरी बाजू फारशी चर्चेत येत नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. नवी मोटारसायकल घेणारा ग्राहक चार वर्षांनी ती किती रुपयांना विकली जाईल, याचा अंदाज आधीच बांधतो. पुनर्विक्रीची किंमत चांगली असेल, तर नवी घेणे त्याला सोपे जाते. म्हणजे जुनी मोटारसायकल घेणारा हा एका अर्थी नव्या मोटारसायकलीच्या खरेदीतील भागीदारच असतो. जुनी वस्तू घेतली की तेवढे नवे उत्पादन टळले, हे सरळ गणित त्यामुळे पूर्णपणे बरोबर ठरत नाही. काही उत्पादन टळते, काही टळत नाही.

या बाजाराची खरी अडचण विश्वासाची आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन ती मांडली. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. त्यामुळे ग्राहक सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकण्यास तयार होत नाही आणि बाजारात सदोष गाड्याच उरतात. या कार्यासाठी त्यांना 2001 मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. हे अकरलॉफ 1967-68 मध्ये दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत होते आणि त्या निबंधात भारतातील सावकारी व्याजदरांचीही चर्चा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

माहितीची ही विषमता कमी करण्याच्या दिशेने अलीकडे काही पावले पडली आहेत. नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकृतपणाचे प्रमाणपत्र व तत्संबंधीचे नियम डिसेंबर 2022 मध्ये अधिसूचित होऊन एप्रिल 2023 पासून लागू झाले. मे 2023 मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या सुविधेमुळे जुना मोबाइल घेण्यापूर्वी त्याचा क्रमांक प्रतिबंधित तर नाही ना, हे कोणालाही तपासता येते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेनुसारही गुन्हा आहे. तेव्हा ही तपासणी केवळ सोयीची बाब नाही. मात्र पंखा, मिक्सर, शिवणयंत्र यांसाठी अशी कोणतीही सोय नाही. तेथे ओळखीचा दुरुस्ती कारागीर हाच हमीदार. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये समिती नेमली, तिचे महत्त्व यासाठी आहे. सुटे भाग मिळाले नाहीत तर कारागिराचे कसब वाया जाते.

जुने ते सर्वच काटकसरीचे, असेही मानण्याचे कारण नाही. पंधरा वर्षांचा फ्रिज स्वस्तात मिळाला, तरी विजेच्या देयकात तो दरमहा आपली किंमत वसूल करीत राहतो. आदळलेले हेल्मेट वरून धड दिसले, तरी आतून निकामी झालेले असू शकते. पाठ्यपुस्तकांचे तर आयुष्य अभ्यासक्रमच ठरवतो. 2024 मध्ये तिसरी आणि सहावीची एनसीईआरटीची नवी पुस्तके आली, तेव्हा त्या इयत्तांची जुनी पुस्तके साहजिकच निरुपयोगी झाली.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हा बाजार जवळजवळ अदृश्य असतो. व्यापाऱ्याने 2 लाख रुपयांना घेतलेली गाडी 2 लाख 30 हजारांना विकली, तर सकल देशांतर्गत उत्पादनात फक्त त्याच्या सेवेचे 30 हजार धरले जातात. गाडीची किंमत ती नवी असताना त्या वर्षीच्या उत्पादनात येऊन गेलेली असते. हे योग्यच आहे. वस्तू व सेवा करही याच तत्त्वावर नफ्याच्या रकमेपुरता आकारला जातो. जैसलमेर येथे डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या जीएसटी परिषदेच्या 55 व्या बैठकीने सर्व जुन्या वाहनांसाठी 18 टक्के हा एकच दर सुचवला. त्या दराने वरील उदाहरणात 5,400 रुपये होतात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस गाडी विकली तर हा कर नाही. बोहारणीच्या व्यवहारात मात्र पैसाच हाती येत नाही. पातेल्याच्या बदल्यात मिळालेल्या साडीवर तिने केलेल्या पायपिटीची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडणे अवघड आहे.

तिच्या धंद्यासंबंधी शेवटचा एक मुद्दा. पथविक्रेता कायदा 2014 मध्ये झाला, परंतु केवळ जागेच्या संरक्षणाने हा व्यवसाय टिकणार नाही. 2019 मध्ये दिल्लीतील दर्यागंजचा रविवारचा पुस्तक बाजार पदपथावरून हलला, तरी तो महिला हाटच्या आवारात पुन्हा भरू शकला, कारण पुस्तके तीच होती. कपड्यांचे तसे नाही. तेथे मालच बदलत चालला आहे. सुती साडी किंवा जाड कापडाची पँट दोन-तीन मालकांच्या अंगावरून जाऊ शकत असे. स्वस्त कृत्रिम धाग्याचा, चार महिन्यांत टाकण्यासाठीच शिवलेला कुर्ता पहिल्या मालकाकडेच विरतो. असे कपडे पुढे केले की बोहारीण ते बोटांनी चाचपून परत करते आणि पातेले टोपलीत ठेवून पुढच्या दाराकडे वळते.