नवाब नसलेल्या गावात

बारा वर्षं माझं एकच मोठं गिऱ्हाईक होतं, बियाण्यांची एक कंपनी. कपाशीच्या वाणावर दोन ओळी जुळवायच्या, त्या वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या भिंतींवर रंगायच्या आणि देवळीतलं माझं घर चालायचं. एका मृगात फोनच आला नाही. चौकशी केली तर कळलं, आता फ्लेक्सवर नटाचा फोटो असतो, ओळी लागत नाहीत.

गालिब आठवला. त्याचं गिऱ्हाईक दिल्लीचा दरबार. १८५७ मध्ये तो बुडाला, इंग्रजांनी पेन्शनही थांबवली. रामपूरच्या नवाबानं १८५९ पासून महिना शंभर रुपये लावून दिले. पण देवळीत नवाब कुठून आणायचा?

बायकोनं जुनी वही पुढ्यात टाकली. मानपत्रं, लग्नपत्रिका, निरोपाच्या कविता मागणाऱ्यांची नावं. कंपनी मिळाल्यावर 'वेळ नाही' म्हणून मीच त्यांना परतवलं होतं. त्यातल्या एका गुरुजींकडे गेलो. लाज वाटत होती. ते म्हणाले, "बरं झालं आलात, भाई. पोरीचं लग्न आहे, मंगलाष्टकं हवीत."

शार्दूलविक्रीडित बी.ए.ला घोकलेलं. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. मुलीचं नाव काही केल्या बसेना. दोन रात्री गेल्या. गुरुजींनी पैसे विचारले तर आकडा सांगता येईना. बारा वर्षं तो कंपनीच ठरवत होती! चाचरत पाचशे म्हणालो. त्यांनी दिले, आणि मांडवातच दोघांनी माझा पत्ता घेतला.

आता वहीच्या पहिल्या पानावर दर लिहून ठेवलेत. नाव वृत्तात बसायला अवघड असेल तर पन्नास जास्त.