फ्लू नेमका किती जणांना होतो?



पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे ताप-खोकल्याचे रुग्ण वाढतात आणि फ्लूचे आकडे छापून येऊ लागतात. हे आकडे खरे असतात, पण ते दवाखान्याची पायरी चढलेल्यांचे, आणि त्यातही ज्यांची तपासणी झाली त्यांचे. वस्तीतल्या एकूण किती माणसांच्या शरीरात हा विषाणू शिरला, हे शोधायचं तर घरोघरी जावं लागतं.

इंग्लंडमध्ये २००६ ते २०११ या काळात ‘फ्लू वॉच’ नावाचा असा अभ्यास झाला. डॉक्टरांकडच्या यादीतून सोडत काढावी तशी कुटुंबं निवडली गेली. तिथे फ्लूचा हंगाम हिवाळ्यात. तो सुरू होण्याआधी लोकांचं रक्त घेतलं, संपल्यावर पुन्हा घेतलं. मधल्या काळात दर आठवड्याला विचारपूस व्हायची आणि कुणाला खोकला किंवा ताप आला तर नाकातला नमुना तपासला जायचा.

रक्त दोनदा कशासाठी? फ्लूच्या विषाणूमुळे कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या होतात, हे जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत दाखवलं. माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं या गुठळ्या होऊ देत नाहीत. रक्तातला द्रव किती पातळ केला तरी गुठळ्या अडतात, हे पाहून प्रतिपिंडांचं प्रमाण कळतं. ते दुसऱ्या खेपेला निदान चौपट झालं, तर मधल्या काळात लागण झाली असं धरतात, मग तो माणूस एकदाही शिंकलेला नसो. लस घेतल्यावरही प्रतिपिंडं वाढतात, म्हणून हा हिशेब लस न घेतलेल्यांचाच मांडला गेला.

दर हिवाळ्यात अशा शंभरांतल्या सरासरी अठरा जणांना लागण झालेली आढळली. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची तुलना. लागण झालेल्या शंभर जणांमागे हंगामात श्वसनाचे ६९ आजार नोंदले गेले, आणि लागण न झालेल्यांमध्ये ४४! म्हणजे फ्लू नसतानाही माणसं इतर कारणांनी खोकत होतीच. वयाचा फरक जमेस धरल्यावर फ्लूच्या वाट्याला शंभरी फक्त २३ आजार आले. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना ती होऊन गेल्याचा पत्ताच लागला नाही.

लागण झालेल्यांपैकी एक चतुर्थांश लोकांच्या आजारात नाकाच्या नमुन्यात विषाणू सापडला. अशा रुग्णांपैकीही डॉक्टरांकडे गेले केवळ १७ टक्के. हजार माणसांचा हिशेब करा: १८० जणांना लागण, ४५ जणांच्या नमुन्यात विषाणू, आणि डॉक्टरांसमोर सात-आठ जण.

याचा अर्थ फ्लू किरकोळ आहे असा नाही. म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं, दमेकरी यांच्या जिवावर तो बेततो. पण लागण झालेल्यांपैकी किती दगावतात हे ठरवताना भागायचं कशाने, हे आधी नक्की हवं. फक्त रुग्णालयातले रुग्ण धरले तर आजार आहे त्याहून कितीतरी भयंकर दिसतो. शिवाय लक्षणं नसलेला माणूसही काही वेळा विषाणू पसरवू शकतो, म्हणून खोकणाऱ्यांना वेगळं ठेवल्याने साथ पुरती थांबत नाही.

तेव्हा तुमच्या वस्तीत असा एखादा अभ्यास सुरू झाला आणि आरोग्य कर्मचारी दारात आले, तर “मला काही झालेलं नाही” म्हणून त्यांना परत पाठवू नका. ठणठणीत माणसाचा नमुनाही त्यांना तितकाच हवा असतो.