आमच्या घरी लाठी आली

डोंगरकड्याहून बोलतोय. बचत गटाच्या कामामुळे तुमच्यातल्या पुष्कळ जणी आम्हाला ओळखतात. आज मात्र कर्जाचे हप्ते किंवा खात्याचं बोलायचं नाही. आज आमच्याच घरातली एक गोष्ट सांगायची आहे. ती मर्दानी खेळाची आहे.

आम्ही या गावचे मूळचे नाही. मुलांच्या पप्पांच्या कामामुळे इथं राहायला आलो. पोरगी आठवीत, पोरगा चौथीत. दिवाळीनंतर एका संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलं लाठी फिरवताना पोरीनं पाहिली. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी पथकाचा सराव चालला होता. घरी आली ती म्हणतच, "मम्मी, मला हे शिकायचंय."

तुम्ही मिरवणुकीत हे खेळ पाहिलेच असतील. लाठीकाठी, दांडपट्टा, फरी-गदका, भाला, दोरी बांधलेला विटा. कोल्हापूरकडं याचे जुने आखाडे आहेत. सहा जूनला रायगडावर शिवराज्याभिषेकाचा सोहळा होतो, तेव्हा गावोगावची पथकं तिथं खेळ करतात. २०२४ मध्ये राज्य सरकारनं दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून मान दिला. म्हणजे खेळ जुना असला तरी आज जिवंत आहे.

पहिली चूक आम्हीच केली. नांदेडला गेलो आणि दोन्ही लेकरांसाठी चकचकीत तयार पोशाख आणि प्लास्टिकची ढाल-तलवार घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी नटवूनच मैदानावर नेलं. वस्ताद हसले नाहीत, पण म्हणाले, "ताई, हे घरी ठेवा. आधी लेकराला उभं राहायला शिकू द्या."

आणि खरंच, पहिले तीन आठवडे नुसतं उभं राहणंच शिकवलं. मैदानाला हात लावून नमस्कार करायचा, पवित्रा घ्यायचा, पाय कुठून कुठं टाकायचा ते मोजायचं. मग हातात बांबूची लाठी, तीही ज्याच्या-त्याच्या उंचीला बेताची. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. दोघांमध्ये लाठीभर अंतर ठेवायचं, नाहीतर डोक्याला टेंगूळ ठरलेलं. धारदार तलवारीला लेकरांनी हातच लावायचा नाही. तलवारीला १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो, ती मिरवणुकीत नाचवायची वस्तू नव्हे, हे वस्तादांनी पालकांना समोर बसवून सांगितलं.

आम्हाला गटाची आठवण झाली. गटात नवी बाई आली की पहिल्याच बैठकीत कर्ज मागत नाही. ती वेळेवर येते, बचत भरते, बसते, ऐकते. मग तिचा शब्द चालतो. पथकाचंही तसंच आहे.

पोशाखाचं थोडं सांगतो, कारण गटातल्या एका ताईनं त्यासाठीच तीन हजारांचं कर्ज मागितलं होतं. आम्ही सगळ्या बसलो आणि ठरवलं की पोशाखाला कर्ज द्यायचं नाही, शिवायला मदत करायची. मांजरपाटाचा अंगरखा, साधी सुरवार, जुन्या साडीचा शेला आणि तिचंच पागोटं. मोजडी घेतली नाही. दोन लेकरांचं मिळून लाठीसकट सहाशेच्या आत भागलं. ते चकचकीत पोशाख आमच्या पेटीत तसेच पडून आहेत.

आता खरी गोष्ट. जानेवारीच्या शेवटी मिरवणुकीची यादी झाली. पोरगी एक दिवस चुकवली नव्हती. पण यादीत सगळ्या मुलींना डोक्यावर कलश आणि सगळ्या मुलांना लाठी. पोरगी घरी येऊन कोपऱ्यात बसली, जेवली नाही. पोरगाही रुसला होता, कारण त्याला मोगलाचा शिपाई केलं होतं आणि वर्गातली मुलं चिडवत होती.

सासूबाई म्हणाल्या, "कलश काही वाईट नाही. पोरीच्या जातीला काठी कशाला?" मुलांचे पप्पा म्हणाले, "आपण नवे लोक, आत्ताच कटकट नको." आणि आम्ही गप्प बसलो. मैत्रिणींनो, याची लाज वाटते. ग्रामसभेत बोला, बोला, असं तुम्हाला सांगत फिरणाऱ्या आम्ही स्वतःच्या पोरीसाठी दोन दिवस तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोरीनंच विचारलं, "मम्मी, तू बायांना सांगतेस ते खोटं असतं का?" मग मात्र गेलो. भांडायला नाही, विचारायला.

वस्तादांनी जे सांगितलं ते ऐकून आमचाच राग उतरला. पूर्वी एका मुलीला सरावात हाताला लागलं, तर घरचे सगळे त्यांच्या अंगावर धावून आले होते. शिवाय मुली दोन वर्षं शिकतात आणि दहावी आली की घरचे काढून घेतात. "मी मुलींना नाही म्हणत नाही, ताई. मी त्यांच्या घरच्यांना भितो," ते म्हणाले.

म्हणजे अडचण मैदानावर नव्हती, घरात होती. ती आम्हालाच सोडवायची होती. आम्ही तीन गोष्टी कबूल केल्या. एक, रोज सरावाला पाळीपाळीनं एक आई मैदानावर बसेल. दोन, मलमपट्टीची पेटी गटातल्या बाया भरून देतील. तीन, लागलंच तर पालक आधी लेकराला बघतील, वस्तादांना जाब विचारणार नाहीत. हळद काढायचे दिवस होते, बाया दिवसभर शेतात राबून येत होत्या. तरी हळदीच्या पिवळ्या हातांनी येऊन बसल्या.

पोराचा रुसवा काढला तो वस्तादांनीच. त्यांनी सगळ्या लेकरांना उंबरखिंडीची लढाई सांगितली. फेब्रुवारी १६६१. कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरत होता आणि अरुंद खिंडीत महाराजांनी त्याला कोंडलं. त्या मोगली फौजेत एक बाई सरदार होती, रायबागन. म्हणजे वाघीण. ती कुठली? आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या राजे उदाराम यांच्या घराण्यातली सावित्रीबाई. आता लढण्यात अर्थ नाही, शरण जा, असा सल्ला खानाला तिनंच दिला. महाराजांनी खंडणी घेऊन त्यांना वाट मोकळी करून दिली.

वस्ताद म्हणाले, "समोर कोणी उभं राहिलं नाही तर लढाई दाखवायची कशी? आणि समोरचाही शूरच होता, म्हणून तर महाराज मोठे." पोरगा शिपाई व्हायला तयार झाला. पोरगी मात्र वस्तादांकडं बघत राहिली. साडेतीनशे वर्षांपूर्वी माहूरची बाई घोड्यावर बसून फौजेबरोबर चालत होती, आणि आपण बायांना काठी शोभते का यावर घरात बोलत होतो.

एकोणीस फेब्रुवारीला पोरगी दुसऱ्या रांगेत खेळली. तीन-चार मिनिटंच. मधे एकदा लाठी हातातून निसटली, तिनं उचलली आणि परत पवित्रा घेतला. सासूबाई ओट्यावर उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. रात्री मात्र तिच्या खांद्याला तेल चोळत बसल्या.

सगळंच गोड झालं असं नाही. तिच्याबरोबर आणखी दोन मुली यादीत होत्या. त्यातल्या एकीला घरच्यांनी आदल्या दिवशी थांबवलं. तिच्या आईशी आमचं बोलणं चालू आहे. घाई करत नाही, पण सोडतही नाही.

तुमच्या गावात असं पथक असेल आणि लेकरू हट्ट धरत असेल, तर एवढंच सांगतो. पोशाख घ्यायला धावू नका. आधी चार संध्याकाळी जाऊन बसा. कोण शिकवतं, लेकरांत अंतर ठेवतात का, धारदार हत्यार बाहेर काढतात का, हे डोळ्यांनी बघा. नवे आहात म्हणून कामाला पुढं व्हा, सतरंजी उचला, पाणी भरा. पण नवे आहात म्हणून पोरीचा प्रश्न गिळू नका. नीट विचारलं की पुष्कळदा समोरच्यालाही काहीतरी सांगायचं असतं.

आमच्या दारामागं आता दोन लाठ्या उभ्या आहेत. सराव परत सुरू झालाय. उद्या मैदानावर बसायची पाळी आमची आहे. जवळपास असाल तर या.