मुखडा : पुन्हा पुन्हा येणारी ओळ



शास्त्रीय गाणे सुरू झाले की 'तीच ती ओळ किती वेळा म्हणणार?' अशी तक्रार आपण सर्रास ऐकतो. माझे म्हणणे असे की ती ओळ परत येते, म्हणूनच गाणे समजते.

आपल्या अंबरनाथ-बदलापूरकडचे पुष्कळ जण हाजी मलंगला जातात. कव्वाली तर साऱ्यांनीच ऐकलेली. मुख्य कव्वाल एक मिसरा म्हणतो, साथीदार टाळ्यांच्या ठेक्यावर तो उचलतात. मध्येच तो दुसऱ्याच शायराचा शेर घालतो, त्याला गिरह म्हणतात. आता हा मूळ मिसऱ्यावर येतो कसा, याकडे सर्वांचे कान लागतात. तो आला की दाद उसळते. आणि तोच मिसरा थोड्या निराळ्या अर्थाने ऐकू येतो.

ख्यालात हे काम मुखडा करतो. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा हा आरंभीचा तुकडा. तीनतालाच्या 16 मात्रा धरा. 1, 5 आणि 13 वर टाळी, 9 वर खाली, म्हणजे रिकामा हात. द्रुत बंदिशीचा मुखडा पुष्कळदा नवव्या मात्रेवर उठतो आणि पहिल्या मात्रेवर, समेवर, येऊन टेकतो. गायक मध्ये आलाप घेवो की ताना, मुखडा पकडायला त्याला वेळेवर परतावेच लागते. विद्यार्थ्यांनो, बोटांवर मोजून पाहा. सम येण्याआधीच तुमची मान हलू लागेल.

पाश्चात्त्य संगीतातही असा प्रकार आहे, राँदो. बेथोव्हेनची 1810 मधील 'फ्युर एलिझे' पाहा : पहिली धून, दुसरी, पुन्हा पहिली, तिसरी, पुन्हा पहिली. मात्र तेथे सारे आधी लिहिलेले असते. आपला गायक परतीची वाट गाता गाता शोधतो.

उस्ताद अब्दुल करीम खाँ (1872-1937) किराण्याचे. पण मिरजेचे होऊन राहिले. पुण्यात 1913 साली त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते. गाणे शिकावे की नाही, यावर आपल्या घरांत मतभेद आहेत; तो वाद मी येथे काढत नाही. परंतु या उस्तादांचे नावही आपल्या मुलांनी ऐकलेले नसावे, हे मला फार खटकते.

त्यांची झिंझोटीतील ठुमरी जेमतेम तीन मिनिटांची आहे, मोबाईलवरही मिळते. अभ्यास आटोपल्यावर ती लावा, आणि मुखडा किती वेळा येतो ते मुलांसह मोजा.